यादीत न बसणाऱ्या दोन ओळी

टायपिस्टबाई वकिलाच्या कार्यालयात चोवीस वर्षं एकाच खुर्चीवर बसत आल्या होत्या. देशाच्या सर्वांत वरच्या कोर्टात अर्ज करायचा तर त्याला तारखांची यादी जोडावी लागते: काय घडलं, केव्हा, आणि कुठल्या कोर्टानं काय ठरवलं. ती बाईंइतकी नेटकी कुणी करत नसे. पक्षकार आपलं रामायण सांगत, बाई त्यातून नेमकं तेवढंच ठेवत.

मग धाकट्या भावाचीच यादी करायची वेळ आली. हाणामारीत एक माणूस दगावला होता. जिल्हा कोर्टानं भावाला जन्मठेप दिली, हायकोर्टानं ती कायम केली. नऊ वर्षं तो आत होता. आता हे एकच दार उरलं होतं, आणि ते ठोठावलं की उघडतंच असं नाही. ऐकण्याजोगं काही आहे का, एवढंच आधी बघतात.

यादी वाचताना वकीलसाहेबांनी चष्मा कपाळावर सरकवला.

“बाई, हे काय? ‘आई वारली, मुलास शेवटची भेट मिळाली नाही.’ ‘बहीण त्याच्या सायकलीला अजून तेल घालते.’ सायकलीला साक्षीला बोलवायचंय का?”

“खोटं आहे का त्यात काही?”

“खरं आहे हो. पण वर कायद्याची चूक दाखवावी लागते. ज्या रक्ताळलेल्या सदऱ्यावरून शिक्षा झाली, त्याबद्दल त्याला खालच्या कोर्टात कुणी एक प्रश्नही विचारला नाही, आणि आरोपीला न विचारता तो पुरावा धरता येत नाही. आपला मुद्दा तो.”

बाईंनी दोन्ही ओळी काढल्या. दुसऱ्या कुणाच्या असत्या, तर त्यांनीच आधी उडवल्या असत्या.

सात आठवड्यांनी साहेब वरच्या कोर्टातून परतले. “तीन मिनिटं लागली. ऐकायला घेतलंय.”

“म्हणजे येईल घरी?”

“इतकी वर्षं इथं काढून तुम्ही हे विचारता? जामीन नाही दिला. आता पाळी येईल तेव्हा.”

भेटीच्या दिवशी जाळीपलीकडून भावानं विचारलं, “ताई, अजून किती?”

सांगता येत नाही, हे बाईंचं सगळ्यांना ठरलेलं उत्तर. पण त्याच्या कानाजवळचे पांढरे केस त्यांना आज पहिल्यांदाच दिसले.

“त्या सदऱ्याचं बघणार आहेत रे आता.”

“मग सांगतो की मी! त्या पडलेल्या माणसाला उचलायला मीच वाकलो होतो, ताई. तेव्हा लागलं ते रक्त...”

तो सावरून बसला आणि जजसाहेबांपुढे उभा असल्यासारखा पहिल्यापासून सांगू लागला. त्याला तिथं बोलावणारच नाहीत, बोलतील ते साहेब, हे बाईंना ठाऊक होतं. वेळ संपल्याची घंटा होईपर्यंत त्या मान हलवत ऐकत राहिल्या.