सांबारवडी

हे मी कोणाला सांगितलेलं नाही. बायकोला नाही, आईला तर नाहीच. नागपूरचा विषय निघाला की मी संत्री, ऊन, जंगल असलं काहीबाही बोलून मोकळा होतो. आज तुम्हाला सांगतोय — का, ते विचारू नका. मलाही नीट माहीत नाही.

मला नकला चांगल्या जमतात. पुण्यात वाढलो, शुद्ध मराठीचा मक्ता आमच्याच गल्लीने घेतलाय अशा समजुतीत. मित्रांत बसलो आणि कोणाच्या बोलण्याची नक्कल केली की हशा ठरलेला. त्यात वाईट काय? — असं मला तेव्हा वाटायचं.

काही वर्षांपूर्वी, जानेवारीत, एकटाच पेंचचं जंगल बघायला निघालो होतो. वाटेत नागपूरला, हुडकेश्वरमध्ये एका घरी उतरलो. मागची खोली ते लोक पाहुण्यांना देत. काका निवृत्त, कळमेश्वरकडे थोडी शेती. काकू घर सांभाळायच्या. पोहोचलो आणि सणकून ताप भरला. जंगल राहिलं बाजूला. काकांनी स्कूटरवर बसवून रामदासपेठेत डॉक्टरांकडे नेलं, आणि काकूंनी — काय सांगू? भाडं मी खोलीचं देत होतो. कपाळावरच्या ओल्या पट्ट्या त्यात नव्हत्या.

एका दुपारी ताप फारच चढला. काका शेतावर गेलेले. मी बरळत होतो, बहुतेक रडतही होतो. काकूंनी माझा हात धरला आणि म्हणाल्या, "काहून घाबरून राहिले गा भाऊ? मी आहो ना."

खोलीत आम्ही दोघंच होतो. एवढं लक्षात ठेवा.

ताप उतरला, पण तोंडाला चव नव्हती. काकू म्हणाल्या, जाताना सांबारवडी करून देते. मला वाटलं, इडलीबरोबरचं सांबार! त्या खूप हसल्या. तिकडे कोथिंबिरीला सांबार म्हणतात. थंडीत शेतातला ताजा सांबार यायचा, तो खसखस-खोबऱ्याच्या मसाल्यात परतायचा, बेसनाच्या पारीत गुंडाळून तळायचा — किती कौतुकानं सांगत होत्या. आणि मी? मी त्यांचा हेल मनात घोळवत होतो.

संक्रांतीचं हळदीकुंकू होतं. काकूंनी गाणी लावायला सांगितली, म्हणून मी माझा फोन ब्लूटूथनं हॉलमधल्या स्पीकरला जोडला आणि खोलीत येऊन पडलो. मित्रांच्या ग्रुपवर माझ्या तब्येतीची चौकशी चालली होती. मी गाणी थांबवली आणि त्यांच्यासाठी आवाज रेकॉर्ड केला — माझ्या तोंडून काकूंचा. सांबार, काहून, सगळं. शेवटी तेच — काहून घाबरून राहिले गा भाऊ, मी आहो ना — आणि वर माझं हसणं. ताप परवडला रे, पण ही भाषा नको, असंही जोडलं. पाठवून दिलं. मग आपलीच करामत ऐकायला बटण दाबलं.

फोनमधून आवाज आलाच नाही. भिंतीपलीकडून आला.

आधी बायका हसल्या. नक्कल तेवढी हुबेहूब होती. मग ते शेवटचं 'ही भाषा नको' आलं, आणि हसणं बंद पडलं. फोन माझ्या हातात होता. बंद करायचा, एवढं साधं मला सुचलं नाही. स्वतःचा आवाज तसा ऐकून मी हादरलो होतो — हा माणूस कोण? इतका हलका?

बाहेर जावंच लागलं. काकूंच्या हातात कुंकवाचा करंडा तसाच. काका दारात उभे होते, त्यांनी विचारलं, हे कोण बोललं? तेव्हा खरं सांगता आलं असतं. नाही का? मी म्हणालो, पुण्याचा एक मित्र आहे, त्यानं पाठवलंय, त्याला असली खोड आहे. विचारलं नव्हतं तरी त्याचं नावसुद्धा सांगितलं.

"हो," काकू म्हणाल्या, "एखाद्याचा आवाज सारखाच असते."

मला सुटल्यासारखं वाटलं. हो, लाज नाही — सुटका. खोलीत येऊन टेकलो तेव्हा डोक्यात उजेड पडला. 'मी आहो ना' हे तापाच्या त्या दुपारी माझ्याशिवाय कोणी ऐकलेलंच नव्हतं. मग मित्राला कुठून कळणार? काकूंना सगळं कळलं होतं, आणि चारचौघींत त्यांनी मला झाकलं होतं.

संध्याकाळी जेवताना त्यांनी विचारलं, "आपल्याला भात वाढू का?" मी दचकून वर पाहिलं. आपल्याला! शब्द शोधून, जपून, शाळेत धडा वाचावा तशा त्या बोलत होत्या. स्वतःच्या स्वयंपाकघरात. काकासुद्धा बघत राहिले. तेव्हाही माफी मागता आली असती. मी म्हणालो, थोडाच वाढा.

निघायच्या दिवशी त्यांनी डबा हातात दिला. अजून गरम होता.

"कोथिंबीर वडी आहे," त्या म्हणाल्या. "प्रवासात खा."

कोथिंबीर वडी वेगळी. ती आमच्याकडे होते; डब्यात होती ती सांबारवडीच. हे त्यांना माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक होतं. मी डबा घेतला, आभार मानले आणि त्यांनी बदललेला शब्द तसाच राहू दिला.