भालेराव मामांची मुकी गाडी

माझे शिलाई मशीन चालू असले की भालेराव मामा दारातून सरळ आत येत, बोलता बोलता मशीनच्या फळीवर पंजा टेकवत आणि म्हणत, "जयभीम ताई. कुरकुरायलंय ओ, तेल द्या." मी कान देऊन ऐकायची, मला काही कुरकुर ऐकू यायची नाही. पण तेल घातले की मशीन खरोखरच हलके चालायचे. माणूस भलताच तिखट कानाचा आहे, असे मी सासूबाईंना कौतुकाने सांगितले. त्या म्हणाल्या, "कानाचं मला माहीत नाही, जिभेचा मात्र आहे."

हे ऐंशीचे दशक सरत आले होते तेव्हाचे. पेणकरपाड्यात आमची बैठ्या खोल्यांची चाळ होती, समोर मोकळी जागा आणि तिच्या पलीकडे नव्या इमारती चढत होत्या. मामा परभणीकडचे. एक जुनाट ट्रक त्यांनी स्वतःच्या हिमतीवर घेतला होता आणि त्यातून ते विटा-रेती वाहत. त्या ट्रकला ते फक्त 'गाडी' म्हणत, आणि इतक्या मानाने म्हणत की आम्हीही तसेच म्हणू लागलो.

खरे सांगायचे तर मला ते सुरुवातीला मुळीच आवडत नसत. कोणी हळू बोलले की खेकसायचे, "चोरी केली का? मोठ्यानं बोला की!" मागून हाक मारली तर ढुंकूनही बघायचे नाहीत. गाडीमालक झाला म्हणून शेफारलाय, असे चाळीतले लोक म्हणत. बोलताना समोरच्याच्या तोंडाकडे टक लावून बघायची त्यांची सवय तर आम्हा बायकांना फारच खटकायची. त्यांची बायको शांतामामी आम्हाला समजावत राही, "मनात काही नसतं ओ त्यांच्या."

मामी स्वतः अगदी हळू बोलणारी. नवऱ्याशी बोलायचे तर समोर जाऊन, जवळ उभी राहून बोलायची. गाडी मोकळ्या जागेत तोंड आत घालून उभी असायची, त्यामुळे रोज सकाळी ती गल्लीतून उलटी काढावी लागे. त्या वेळी मामी पदर खोचून केबिनच्या बाजूने चालायची, मागे बघायची आणि दारावर हात मारायची. एक ठोका म्हणजे थांबा, दोन ठोके म्हणजे येऊ द्या. हे काम क्लीनरचे. बाकीच्या ट्रकवर पोरे ठेवतात, इथे मामीच. आम्ही तिला चिडवायचो, "मामी, काय प्रेम आहे!" ती नुसती हसायची.

मग गाडीचा सायलेन्सर सडला. पहाटे ती सुरू झाली की भांड्याच्या मांडणीतल्या ताटल्या थरथरत. नव्या इमारतीतल्या लोकांनी निरोप धाडला, आवाज बंद करा नाही तर गाडी दुसरीकडे लावा. तयार सायलेन्सर त्या जुन्या गाडीला बसेना, कारण मागे कधीतरी तिची चासी, म्हणजे खालचा सांगाडा, वाढवून घेतली होती. काशीमीऱ्याचा गॅरेजवाला म्हणाला, गाडी ठेवून जा. मामा उखडले. "माझी गाडी मी ठिवून जाऊ? घरीच करतो."

आणि त्यांनी ते घरीच केले. तेलाच्या रिकाम्या पिंपाचा पत्रा कापून गोल वळवला. आत घालायच्या नळीला हातड्रिलने भोके पाडली. आत तीन कप्पे केले. "धूर एकदम भायेर सोडायचा न्हाई," ते आम्हाला समजावत. "त्याला या खोलीतून त्या खोलीत फिरवायचा. दमला की गप बसतो." वेल्डिंगचे मशीन त्याच गॅरेजवाल्याकडून मागून आणले, आणि ते लावले नेमके रविवारी सकाळी. सगळी चाळ तिवारींच्या घरी टीव्हीपुढे बसलेली. इकडे ठिणगी उडाली की तिकडे पडद्यावरचे चित्र आक्रसून ताटलीएवढे व्हायचे. तिवारी दारात येऊन ओरड ओरड ओरडले. मामा शांतपणे काच डोळ्यांवर धरून टाके मारत राहिले. काय हा उद्धटपणा, असे सगळे म्हणाले, मीसुद्धा.

सायलेन्सर बसवला त्या दिवशी मामी बहिणीकडे कल्याणला गेली होती. मामांनी गाडी सुरू केली, खाली उतरून, वाकून ओले गोणपाट पत्र्यावर ठेवून त्यावर पंजा टेकवला आणि डोळे मिटले. मग उठून आमच्या रांगेपुढून फिरत एकेकाला विचारू लागले, "ऐकू यायलंय का? खरं सांगा, ऐकू यायलंय का?" कोणालाच धड ऐकू येत नव्हते. तिवारींनीसुद्धा मान डोलावली. मामांचा चेहरा असा फुलला की मलाच बरे वाटले. स्वतः गाडीला खेटून उभा असलेला माणूस आम्हाला का विचारतोय, हे मात्र कोणाच्या डोक्यात आले नाही.

त्याच आनंदात ते केबिनमध्ये चढले आणि गाडी मागे घेऊ लागले. गल्लीत तिवारींच्या म्हाताऱ्या आई उन्हात खाटेवर पापड पसरत होत्या, गाडीकडे पाठ करून. एरवी गाडी गुरगुरली असती आणि म्हातारी कधीच उठून आत गेली असती. आज गाडी मुकी. आम्ही ओरडलो. सगळी चाळ ओरडली. गाडी येतच राहिली.

मी दाराजवळच्या मशीनवरून उठून कशी धावले ते मला कळले नाही. केबिनच्या दारावर दोन्ही हातांनी बडवत सुटले. गाडी थांबली तेव्हा खाटेचा एक पाय मोडला होता, पापड चाकाखाली गेले होते आणि म्हातारी भिंतीला चिकटून रामराम म्हणत होती. तिला साधे खरचटलेही नव्हते.

मामा उतरले. लोक त्यांच्या अंगावर धावले. तिवारी किंचाळले, "बहरे हो क्या?"

मामा त्यांच्या तोंडाकडे टक लावून बघत होते. नेहमीसारखेच. मग त्यांनी सगळ्यांकडे बघितले आणि म्हणाले, "हो. बहिरा हाय मी. लई दिवस झाले."

मामांनी म्हातारीच्या पायांना हात लावला. गाडीची किल्ली काढली, माझ्या हातात ठेवली आणि म्हणाले, "ताई, दोन ठोके म्हंजे येऊ द्या. तुम्ही तर मोजायच्या पलीकडं गेल्या. पर हात घाबरलेला हाय, हे कळलं मनून थांबलो."

त्यानंतर त्यांनी पुन्हा कधी गाडी चालवली नाही. ती पुतण्याकडे गेली. जाण्याआधी मात्र त्यांनी सायलेन्सर उघडून एक कप्पा काढून टाकला. "थोडा आवाज पायजे," म्हणाले. "आपण येतोय हे रस्त्यावरच्या माणसाला कळाय पायजे." पुढे काशीमीऱ्याच्या नाक्याजवळ त्यांनी सायलेन्सरचेच दुकान टाकले. गिऱ्हाईक आले की नमस्काराआधी सांगत, "समोर येऊन बोला, मला ऐकू येत न्हाई." असे सांगताना ते कधी ओशाळले नाहीत, आणि खेकसणेही हळूहळू थांबले. काही वर्षांनी ते गेले तेव्हा नाक्यावरच्या सगळ्या गॅरेजनी त्या दिवशी शटर ओढले होते.

पण मला सगळ्यांत जास्त आठवते ती त्या दिवसाची संध्याकाळ. मामा सकाळपासून उपाशी, पायरीवर बसलेले. मी किल्ली द्यायला गेले होते आणि तेवढ्यात मामी कल्याणहून आली. मोडकी खाट बघून तिचा चेहरा पांढरा पडला. सवयीप्रमाणे ती त्यांच्या समोर जवळ जाऊन बसली आणि तिने हळूच विचारले, "काय झालं ओ?"

"सांगून टाकलं, शांते. समद्यांना. गाडी सोडली."

मग ती बाई, जिचा आवाज मी कधी उंबऱ्याबाहेर ऐकला नव्हता, सगळ्या गल्लीला ऐकू जाईल अशी ओरडली, "बरं केलं! लई बरं केलं तुम्ही!" आणि गुडघ्यात डोके घालून रडू लागली. मी पाठीवर हात ठेवला तेव्हा हुंदके देत म्हणाली, "ताई, गल्लीपुरती मी होते ओ. म्होरं हायवेला कोण होतं?"