जहाजावरचा डॉक्टर

माझी अक्का मळमड्डीत एकटी राहते. भावजी गेले, मुलगी लग्न होऊन पुण्याला, आणि शाळेची नोकरीही संपलेली. माझं कापडाचं दुकान हुबळीला, दुर्गदबैल बाजारात; रविवारी मी तिथून शेजारच्या शहरात तिच्याकडे जेवायला जातो. त्या रविवारी वाढता वाढता ती सारखी फोन बघत होती.

"कोण आहे गं?"

"एक डॉक्टर आहेत. जहाजावर असतात. मूळचे मळमड्डीचेच."

इंटरनेटवरची ओळख. गृहस्थ विधुर, रोज सकाळी तिची चौकशी करायचे. अक्का बऱ्याच दिवसांनी खुलून बोलत होती, म्हणून मीही ऐकत जेवलो.

पुढच्याच आठवड्यात तिचा दुकानावर फोन आला. डॉक्टरांनी पाठवलेली भेट दिल्लीत कस्टममध्ये अडकली होती आणि ती सोडवायला हिने पैसे भरायचे होते.

"भरू नकोस. आधी व्हिडिओ कॉल करा म्हणावं."

"जहाजावर चालत नाही म्हणतात." मग म्हणाली, "थांब, मीच बघते."

तिने त्यांना कन्नडमध्ये लिहिलं, "ऊट आतेनरी?" जेवण झालं का, हे आमच्याकडे रस्त्यात भेटलेला माणूसही विचारतो. उत्तर आलं ते लांबलचक, बातम्या वाचल्यासारखं.

"मळमड्डीत वाढलेला माणूस असलं पुस्तकी कन्नड लिहील होय रे?" अक्का मला म्हणाली. मग तिने त्यांना आवाजात दोन वाक्यं बोलून पाठवायला सांगितलं. त्यावर डॉक्टर चिडले. तुमचा माझ्यावर विश्वासच नाही, म्हणाले, आणि लगेच पैसे कधी भरताय तेही विचारलं. अक्काने तो नंबर ब्लॉक केला.

पण पुढे बरेच दिवस ती उदास होती. "खोटा होता हे कळतं रे. पण सकाळी कोणीतरी विचारायचं," म्हणाली.

भजनी मंडळात हे सगळं सांगणार म्हणाली तेव्हा मी अडवलं. "लोक हसतील, अक्का."

"हसू देत."

तिने सांगितलं आणि काही जणी हसल्याही. एक बाई मात्र हसल्या नाहीत. त्या अक्काच्या मागोमाग घरी आल्या, दार लोटून घेतलं आणि आपला फोन पुढे केला. अक्काच्या डॉक्टरांचा पांढऱ्या कोटातला तोच फोटो. 'आज समुद्र शांत आहे, माझं मन नाही,' हे अक्काला आलेलं वाक्यसुद्धा तेच. त्यांच्यासाठी तो बेळगावचा होता, एवढाच फरक. तसलेच कस्टमचे पैसे भरायला दुसऱ्या दिवशी त्या पाटल्या गहाण ठेवायला निघणार होत्या.

"घरी कुणाला बोलले नाही हो," म्हणून त्या रडायला लागल्या. अक्काने त्यांना पाणी दिलं आणि तशीच पोलीस ठाण्यात घेऊन गेली. तक्रार दोघींनी मिळून दिली.

तो माणूस अजून सापडलेला नाही. त्या बाई मात्र संध्याकाळी अक्काकडे येऊन बसतात. परवा मी न कळवता गेलो तर दाराला कुलूप. फोन केला तेव्हा कळलं, दोघी नाटकाला गेल्या होत्या.