सुमन द्राक्षमळ्याला निघाली तेव्हा

या गो बायांनो, अशा जवळ या. पेपरची पुरवणी काय उभ्या उभ्या चाळतात होय? भविष्य बघितलं, एखादी पाककृती बघितली, की लगेच डब्याखाली अंथरायला घेतली... आज तसं करू नका, जरा टेका. आणि भरत, तूसुद्धा. रविवारी तुमच्या मळ्यावर हा पेपर येतो असं तूच मला सांगितलं होतंस, तेव्हा पान उलटून टाकू नकोस. मोठ्या आईचा फोन उचलायचा नाही, ही कुठली रीत? फोन नाही तर नाही, हे तरी वाच.

भरत म्हणजे माझ्या धाकट्या जावेचा, सुमनचा, एकुलता एक मुलगा. सुमन जाऊन आता महिना उलटला. ती गेली त्या संध्याकाळी मीच त्याला फोनवर सांगितलं. "भरत, तुझी आय गेली रे." मग तो म्हणाला, "म्हणजे ती खरंच निघाली होती?" रडला नाही, कशानं गेली ते विचारलं नाही, एवढंच विचारलं. मी म्हटलं, हो रे, निघाली होती. पण ते त्याला पटलं नाही. तेराव्याला आला, सगळं रीतसर केलं, तरी पटलं नाही. त्याच्या मनात एकच बसलंय, की आम्ही बायकांनी तिला ओढून नेलं आणि तिचा पाय काही पुढं पडत नव्हता. म्हणून हे सगळं पहिल्यापासून सांगते.

आमचं गाव टोकावड्याच्या अलीकडं, मुरबाडच्या बाजूला. सुमन लग्न होऊन आली ती माझ्या हाताखाली. बारीक अंगाची, बोलायला फटकळ, आणि भात लावायला उतरली की तिच्या ओळीत दुसरीला शिरू द्यायची नाही. तिचा नवरा, माझा दीर, हातभट्टीनं गेला. ओढ्याच्या पलीकडं भट्टी होती. तो तिथं जायचा, पडायचा, आणि त्याला उचलून आणायला सुमन जायची. जेव्हा उचलून आणायला काही उरलं नाही, तेव्हा ती रडत बसली नाही. कोयता घेतला, गावातल्या बाया गोळा केल्या आणि भट्टीची पिंपं फोडली. त्याच ओल्या पायांनी सगळ्यांना गावदेवीच्या देवळात नेलं, मधे नारळ ठेवला आणि म्हणाली, "ठेवा हात. आमच्या व्हटाला कदी लागनार नाय, आनि घरात येऊ देनार नाय." आम्ही सगळ्यांनी हात ठेवला. भरत तेव्हा शाळेत होता. देवळाच्या पायरीवर बसून बघत होता. त्यानंतर गावात भट्टी लागली नाही, ती सुमनच्या भीतीनं म्हणा नाही तर देवीच्या.

आणि त्याच सुमनचा मुलगा शिकून वाइनच्या कारखान्यात लागला! कल्याणला हॉटेलचं शिक्षण घेतलं, दोनचार ठिकाणी राबला आणि मग नाशिकच्या बाजूला द्राक्षमळ्यावर नोकरी मिळाली. तिथं पाहुणे येतात, त्यांना मळा फिरवून दाखवायचा, कुठली वेल किती जुनी ते सांगायचं, मग ग्लासात थोडी थोडी ओतून चव कशी घ्यायची ते शिकवायचं. दिवाळीला आला आणि मोठ्या कौतुकानं सांगायला बसला. सुमन भाकरी थापत होती. तिनं परातीतून हात काढला, त्याची बॅग उचलली आणि बाहेर ओट्यावर नेऊन ठेवली. तो म्हणाला, "आये, वाइन म्हंजे दारू नाय गो. फळाची असते." ती म्हणाली, "तुजा बापबी हेच सांगायचा. मव्हाच्या फुलाची हाय, औषद हाय. जा तू." तो गेला. तव्यावरची भाकरी जळाली, तीही हिनं काढली नाही.

वर्षं गेली. भरत मला फोन करायचा. मी फोनचा आवाज मोठा करून पडवीत ठेवायची, आणि भिंतीपलीकडं सुमनच्या घरात भांडी वाजायची थांबायची. त्याचं बोलणं संपलं की भांडी पुन्हा वाजायला लागायची. मी कधी तिला विचारलं नाही, तिनं कधी सांगितलं नाही.

मग मागच्या पावसाळ्यानंतर तिचे डोळे पिवळे झाले. गावठी औषध झालं, मुरबाडचा दवाखाना झाला, शेवटी कल्याणला मोठ्या डॉक्टरांकडं नेलं. त्यांनी पोटाचे फोटो बघितले, लिव्हर खराब झालंय म्हणाले, आणि विचारलं, "किती वर्षं पिता?" ते काय, सगळ्यांनाच विचारत असतील. मला मात्र धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. सुमन हसली. म्हणाली, "डाक्टर, नवऱ्यानं पिलेली मला चढली वाटतं." डॉक्टर हसले नाहीत. मला बाहेर बोलावून म्हणाले, आता यांना हवं ते खाऊ द्या, भेटायचं असेल त्यांना भेटू द्या.

परतीच्या बसमध्ये ती खिडकीशी बसली होती. मधेच म्हणाली, "बाय, मला भरतचा द्राक्षमला बघाचाय." मी म्हटलं, अगो, त्यालाच बोलावू की घरी. तर फणकारली, "मी उंबऱ्यावरून काढला त्याला. आता मरताना हाक मारली तर दया येऊन येल. मला त्याची दया नको. मीच जानार त्याच्या उंबऱ्यावर. पाव्हनी म्हनून जानार, तो सगल्यांना दाखवतो तसा मलाबी दाखवंल." आजाराचं त्याला कळवायचं नाही अशी मला शपथ घातली.

भरत, हे नीट वाच. सहल आम्ही ठरवली नाही. तिनं ठरवली. आमच्या बचत गटाच्या बैठकीत उभी राहून म्हणाली, दर वर्षी देवाला जातो, या वर्षी द्राक्षाला जाऊ. बायांचा एकच गलका. एक म्हणाली, "चढली तर घरी काय सांगाचा?" दुसरी म्हणाली, "ते वास घेतात, चूळ भरतात आनि थुकतात म्हनं. मग घेतात तरी कशाला?" सुमन म्हणाली, "तुजा नवरा पन जेवताना तोंड वाकडा करतो, तरी तू रांधतेस ना?" माझ्या सुनेनं मळ्यावर फोन करून गटाच्या नावानं जागा धरली. जीप कुठली, कुठल्या वाटेनं, कसाऱ्याच्या घाटाच्या माथ्यावर चहा कुठं घ्यायचा, हे सगळं सुमननं ठरवलं. भाकरी बांधून न्यायची, पण सुकट न्यायची नाही, हेसुद्धा. "त्याची गिऱ्हाइका वास घेत बसलेली असतात. तिथं आपली सुकट नको."

आणि तिनं आमची तालीम घेतली रे! हसू नकोस. मोबाइलवर बघून ठेवलं होतं. अंगणात आम्हाला ओळीनं बसवलं आणि काचेच्या ग्लासात कोकमाचं सरबत दिलं. ग्लास दांडीला धरायचा, तर आमच्या ग्लासांना दांडी नाही, म्हणून बुडाला धरायचा. गोल फिरवायचा, नाक घालायचं, मग एवढासा घोट. कुणी गटकन प्यायलं की ओरडायची, "पानी हाय काय? माज्या पोराला सगल्यांसमोर खाली बघाया लावू नका." सरबत तिच्या लुगड्यावर सांडलं होतं, पण पुन्हा पुन्हा फिरवून दाखवत होती.

सगळं ठरलं आणि मग नारळाची आठवण निघाली. आठवण दुसऱ्या कुणी काढली नाही, तिनंच काढली. हात ठेवलेला, आता ओठाला लावायची तर देवीला विचारायला हवं. आमच्याकडं कौल लावतात. देवीच्या अंगाला दोन्ही बाजूंना ओली फुलं चिकटवायची, प्रश्न विचारायचा आणि बसून राहायचं. उजवीकडचं पडलं तर होय, डावीकडचं पडलं तर नाही. पहिल्या मंगळवारी पुजाऱ्यांनी फुलं लावली, डावीकडचं पडलं. मळ्यावर धरलेली पहिली तारीख बदलली ती त्यामुळं. पुढच्या मंगळवारी दिवस मावळेपर्यंत बसलो, फूल पडलंच नाही. दुसरी तारीख बदलली ती त्यामुळं. तोवर सुमनच्या पोटात पाणी झालं होतं, पाय सुजले होते. देवळापर्यंत तिला दोघी धरून न्यायच्या.

मी चिडले. म्हटलं, सुमन, पिऊ नको ना! नुसतं जा, पोराचं तोंड बघ, मळा बघ आणि ये. कोण तुझ्या नरड्यात ओततंय? ती म्हणाली, "बाय, तो हात फुडं करील. चार लोकांत. मी नाय म्हनू? परत एकदा?" मी म्हटलं, मग घे, देवी काही खात नाही तुला. तर म्हणाली, "मला नाय खानार. पन माज्या शब्दावर बायांनी हात ठेवलाय. मीच मोडला तर उद्या वढ्याला परत भट्टी लागंल."

तिसऱ्या मंगळवारी फूल उजवीकडचं पडलं. सुमन देवळातच खांबाला टेकून बसली आणि लहान पोरीसारखी हसली. शनिवारची जीप सांगितली. तिला त्या हालतीत न्यावं की नाही यावर बाया भांडल्या. ती म्हणाली, "मला चादरीत घालून न्या. पन न्या."

शनिवारी सकाळी तिनं माझं हिरवं लुगडं मागून नेसलं, तिची सगळी विटून गेली होती. मुरबाड गेलं, शहापूर गेलं. घाट चढताना तिनं माझा हात धरला होता. माथ्यावर चहा घेतला, तिनं अर्धं बिस्कीट बुडवून खाल्लं. इगतपुरी मागं पडल्यावर तिला उलटी झाली. रक्ताची होती... जीपवाल्यानं गाडी बाजूला घेतली. बाया रडायला लागल्या. सुमननं त्याच्या सीटवर मागून हात आपटला आणि म्हणाली, "थांबतोस काय? फुडं चल." तो घाबरून दवाखाना विचारायला लागला, तेव्हा पुन्हा, "फुडं चल." सून तुला फोन लावत होती, पण कामावर तुमचे फोन आत ठेवलेले असतात. जवळच्या दवाखान्याच्या दारात नेलं, तिथं डॉक्टरांनी मनगट धरलं आणि सोडून दिलं. "फुडं चल" हेच तिचं शेवटचं बोलणं. तुझं नाव घेतलं, देवाचं घेतलं, असं मी सांगणार नाही. नाही घेतलं. पण घाट चढून गेली होती ती. माघारी वळली नव्हती.

तेराव्याला जेवणं झाल्यावर भरत मागच्या दारी हात धूत होता, तेव्हा मला म्हणाला, "मोठे आय, त्या दिवशीच्या पाहुण्यांच्या कागदावर मुरबाडचा गट बघितला तेव्हाच मी ओळखलं. सकाळी ताज्या द्राक्षांचा रस काढून ठेवला होता. साधा रस. बाटली उघडणारच नव्हतो. तुमची शपथ मला ठाऊक नाय का? मी पायरीवरच बसलेलो ना तेव्हा..." मी तांब्या धरून उभी होते, ते पाणी माझ्याच पायावर ओतत राहिले. तीन मंगळवार आम्ही देवीला विचारत बसलो, आणि ज्याच्या हातून घ्यायचं त्याला विचारायचं आमच्या एकीच्याही डोक्यात आलं नाही. तो पुढं म्हणाला, "संध्याकाळपर्यंत फाटकावर होतो. दोनदा तारीख बदललेली. मला वाटलं, आताही घाटातून माघारी फिरली असंल. अजून तिला माझ्या हातचं नको." मी तांब्या खाली ठेवून सांगायला गेले. तोवर त्यानं बॅग उचलली होती. रस दुसऱ्या दिवशी ओतून दिला म्हणाला.

तेव्हा राहिलं ते आता सांगते. तुझ्या हातचं तिला हवं होतं. एवढं हवं होतं, की ते घेता यावं म्हणून ती थांबली, आणि थांबण्यातच गेली. माझ्यावर विश्वास नसेल तर गटातल्या कुठल्याही बाईला विचार, जीपवाल्याला विचार.

घर मी रोज झाडते. काल तिच्या शेतावर गेले होते. भाताच्या रोपांसाठी राब भाजायचा असतो तो बायांनी तिच्या तुकड्यावर रचून ठेवलाय, खाली शेण, वर पालापाचोळा, त्यावर माती, सगळं तिला आवडायचं तसं नीट. सगळीकडचे राब पेटले, धूर आमच्या पडवीपर्यंत येतो. तिचा तेवढा तसाच आहे. राबाला काडी घरच्या माणसानं लावायची असते आणि त्या घराचं आता तूच एक माणूस आहेस. मी लावली तर चालेल म्हणतात, पण मी लावणार नाही. ये रे बाबा. सुट्टी मिळेल तशी ये, एका दिवसाची असली तरी ये. कल्याणहून माळशेजकडं जाणारी कुठलीही गाडी पकड आणि टोकावड्याच्या अलीकडं उतर, मी रस्त्यावर येऊन बसते. पाऊस पडायच्या आत ये.