खाली भरलेली, वर रिकामी

सगळे त्याला सांधेवाला म्हणत. त्याच्या बापालाही तेच म्हणत. खाणीपासून बंदरापर्यंत एकच लोहमार्ग होता, गोऱ्या साहेबांनी खनिज न्यायला टाकलेला. जाताना मालाच्या वाघिणी भरलेल्या, येताना रिकाम्या. साहेब गेले, राज्य आपलं झालं, तेव्हा बापाने स्टेशनमास्तरला विचारलं होतं, “आता गाडी कुठे जाणार?”

मास्तर हसला. “कुठे म्हणजे? बंदरालाच!”

पुढे रूळ बदलायचा सांध्याचा दांडा मुलाच्या हाती आला. खनिज तसंच खाली जात राहिलं. त्याचेच पत्रे परदेशातून जहाजाने येत आणि इतके महाग पडत, की खाणीच्या गावात निम्म्या घरांवर गवतच होतं.

त्याची बायको पहिल्याच बाळंतपणात अडली. मोठा दवाखाना डोंगराच्या पलीकडे, म्हटलं तर जवळच. पण तिकडे ना रूळ, ना रस्ता. सुईण म्हणाली, “मी हात टेकले. हिला हलवा.” बंदरातल्या दवाखान्यात न्यायला मास्तरने मालगाडीच्या गार्डाच्या डब्यात जागा करून दिली. गाडी दिवसभर घाट उतरत होती.

“आलं का?” ती विचारायची.

“आलंच.”

वाटेत मुलगी झाली. बंदर आलं तेव्हा विचारणारी उरली नव्हती.

मुलगी बंदरातच आत्याकडे वाढली. तो रुळाकाठच्या खोलीत एकटा राहिला. येत्याजात्या गाडीला झेंडा दाखवायचा, एवढंच काय ते बोलणं.

मग खाण आटली. एक गाडी खाली गेली ती परत आलीच नाही. रूळ भंगारात निघाले. त्यानंतर कुठे सरकारने डोंगर फोडून रस्ता केला, दवाखाना अर्ध्या तासावर आला, आणि त्याच रस्त्याने गाव पोट भरायला निघून गेलं.

मुलगी न्यायला आली. “बाबा, इथे काय राहिलंय आता?”

“येतो गं. जरा आवरतो.”

“दर खेपेला हेच! आईमुळे का?”

“जाणाऱ्याला झेंडा दाखवायचा, एवढंच येतं मला,” तो म्हणाला. “स्वतः गाडीत बसलो तो एकदाच.”

तिने पुन्हा विचारलं नाही. दुपारच्या बसने ती गेली. त्याने एका माणसापुरता भात टाकला, आणि तो शिजेपर्यंत दारात उभा राहिला.