एकचाकीची खोळ

चपला दुरुस्त करणारा आणि छपाईवाला यांच्या मधल्या चिंचोळ्या जागेत खोळमावशीचं दुकान आहे. पायरी चढलं की लगेच पोटाला कापायचं टेबल लागतं. टेबलाच्या पलीकडे शिलाई मशीन, मशीनच्या पलीकडे मावशी आणि मावशीच्या पाठीशी छतापर्यंत रेक्झिनच्या गुंडाळ्या. नव्या रेक्झिनचा वास काहींना डोकं उठवणारा वाटतो. मावशीला मात्र त्या वासाने वडिलांच्या मांडीवर बसल्यासारखं वाटतं.

हे दुकान तिच्या वडिलांचं, नानांचं. ते खोळी शिवत. त्या काळी घरात नवी वस्तू आली की पाठोपाठ तिची खोळ यायची. रेडिओला खोळ, पंख्याला खोळ, टाइपरायटरला खोळ. टीव्हीला तर अशी की पुढचा पडदा दोन्ही हातांनी वर सारून मग बातम्या बघायच्या. वस्तू आयुष्यभर टिकवायची असते, यात कुणाला शंका नव्हती. एकदा तर एक गृहस्थ नुसती खोळ शिवून घेऊन गेले. मिक्सर पुढच्या महिन्यात येणार होता! नाना त्यांना हसले नाहीत. शेजारच्या दुकानातून मिक्सर मागून आणला आणि त्याच्यावर माप घेतलं.

नानांचं माप घेणं बघण्यासारखं असे. टेप ते शेवटी हातात घ्यायचे. आधी वस्तूला वर्तमानपत्रात गुंडाळायचं, टाचण्यांनी बसवायचं आणि खडू आडवा धरून कडांवरून घासायचा. कागद उलगडला की वस्तू जणू कातडं काढून टेबलावर पसरल्यासारखी दिसायची. मावशी लहान असताना टाचण्या वेचायचं काम तिचं. टाचणी पायाला लागली की नाना म्हणायचे, "वेचायची राहिली होती वाटतं कुणाची तरी?"

आणि त्यांचा एक नेम होता. खोळ तयार झाली की गिऱ्हाइकाच्या हातात लगेच द्यायची नाही. वस्तूला चढवायची आणि तशीच चालवून बघायची. रेडिओ खोळीतून गायला पाहिजे. टाइपरायटरची खोळ एका झटक्यात निघून पुन्हा बसली पाहिजे. शिलाई मशीनच्या खोळीत हँडल अडकतं का, ते फिरवून बघायचं. गिऱ्हाईक घाईत असलं, मान हलवत उभं राहिलं, तरी नानांचं आपलं चालूच. सगळं मनासारखं झालं की ते खोळीवर हलकी थाप मारत आणि म्हणत, "चालली. घेऊन जा." त्या तीन शब्दांशिवाय दुकानातून खोळ बाहेर पडली नाही.

पुढे वस्तू बदलल्या. टीव्ही इतका चपटा झाला की त्याला खोळ घालायची म्हणजे भिंतीलाच चादर पांघरायची. रेडिओ गेले, टाइपरायटर भंगारात गेले. लोक वस्तू जपण्याऐवजी बदलू लागले. नाना गेले त्या वर्षी मावशीकडे मोटारसायकलच्या सीटांचं तेवढं काम उरलं होतं. नवरा तेव्हा बस चालवायचा. तो म्हणाला, "बंद कर की. मी मिळवतोय ना?" दुसऱ्या दिवशी दुकानाचं शटर नेहमीच्या वेळी वर गेलं. मग तोच डेपोतल्या झाडून सगळ्या ड्रायव्हरांच्या उशा-गाद्या घेऊन आला.

दोन मुलींपैकी थोरली लग्न होऊन दूर गेली. धाकटी रक्त तपासणाऱ्या प्रयोगशाळेत लागली. तिची कामाची पाळी इतक्या पहाटेची की पहिली बस डेपोतून निघायच्या आत तिला हजर राहावं लागे. काही दिवस वडिलांनी स्कूटरवर सोडलं. आणि मग एके दिवशी ती एक खोकं ढकलत दुकानाच्या पायरीपाशी आली.

"हे काय आणलंस?" मावशीने विचारलं.

"गाडी."

खोक्यातून एक जाडजूड चाक निघालं. चाकाभोवती काळं कवच, पाय ठेवायला दोन बाजूंना उघडमीट होणारे पायटे, वर उचलायचं हँडल. ना सीट, ना धरायला काही.

"बाकीची कुठाय?" वडिलांनी खोक्यात डोकावून बघितलं.

"एवढीच असते, बाबा. एकचाकी. विजेवर चालते. पुढे झुकलं की पळते, मागे झुकलं की थांबते."

"अगं, माझ्या बसला सहा चाकं होती, तरी मला रात्री झोप लागत नसे."

"म्हणून तर तुमचे केस गेले," धाकटी म्हणाली आणि बाप-लेक दोघं हसत सुटले. मावशीने मात्र खोकं उलटं करून पुन्हा एकदा झटकलं.

शिकताना पोरगी पडली. कोपर सोललं, गुडघा सोलला, हनुवटी थोडक्यात वाचली. पण तिने हट्ट सोडला नाही आणि एक दिवस खरोखरच त्या चाकावर सरळ उभी राहून गल्लीच्या टोकापर्यंत गेली. चपलावाला टाळ्या वाजवत उठला. छपाईवाला शाईच्या हातांनी बाहेर आला. सगळी गल्ली बघत होती. मावशी आत वळून दोरा ओवत बसली. तेव्हापासून तिने कधी बघितलंच नाही. पहाटे दार लागल्याचा आवाज आला की ती डोळे गच्च मिटायची आणि मोबाइलवर "पोचले" एवढं उमटेपर्यंत तिचा जीव टांगणीला लागलेला असायचा.

एकदा धाकटी चाक उचलून वरच्या घरातून खाली दुकानात घेऊन आली. पडून-पडून त्याच्या कवचाला ओरखडे आले होते, एका बाजूचा कोपरा दाताने कुरतडल्यासारखा दिसत होता.

"आई, हिला एक खोळ शिवशील? पडली तरी लागू नये अशी. आमच्या एकचाकीवाल्यांत सगळे बाहेरून मागवतात, पण त्या नीट बसतच नाहीत. मी सांगितलं, माझी आई खोळ शिवणारी आहे."

किती दिवसांनी कुणीतरी नवी वस्तू आणून खोळ मागितली होती! मावशीने शेल्फावरून वर्तमानपत्र ओढलं. चाकाला गुंडाळलं, टाचण्या लावल्या, खडू आडवा धरला. हात जुन्या वाटेने आपोआप चालू लागले. मोटार गरम होते म्हणून जिथून वारा जातो तिथे जाळी, पायटे उघडायला खाच, दिव्यासमोर खिडकी. सगळं तिने चाक बघूनच ओळखलं. पण जसजशी कात्री फिरत गेली तसतशी ती चाकाची खोळ शिवतेय की पोरीची, हे तिचं तिलाच कळेना. कोपऱ्यांना फोमचा एक थर पुरला असता, तिथे तिने दोन घातले. आणि हँडल तर पोर रोज जिने चढताना धरणार, हाताला रुतेल, म्हणून त्याच्याभोवती खालून-वरून जाड फोम गुंडाळून मेण लावलेल्या दोऱ्याने घट्ट शिवून टाकला. लाल गोट लावला. खोळ अशी बसली की चाक जन्मतःच ती घालून आलं असावं.

"चालवून बघायची ना?" नवऱ्याने विचारलं. नानांचा नेम त्यालाही पाठ होता.

"तिची ती बघेल," मावशी म्हणाली आणि कात्रणं झाडायला लागली.

दुसऱ्या दिवशी पहाटे दार लागलं, आणि थोड्याच वेळात पुन्हा उघडलं. धाकटी चाक ओढत परत आली होती. दिवे लागत होते, पण चाकात जीवच नव्हता. पाय ठेवला की गाडी पुढे-मागे कोलमडायची. वडिलांनी स्कूटर काढली आणि तिला सोडून आले.

पुढचे काही दिवस रोज स्कूटरच निघाली. धाकटीने चाक पुसून बघितलं, चार्ज करून बघितलं, मैत्रिणींना विचारून बघितलं. कंपनीने कळवलं, पाठवून द्या, मग बघू. त्या दिवसांत मावशीला शांत झोप लागली. तिला स्वतःचीच लाज वाटायची, पण झोप लागायची. पोरगी मात्र जेवताना गप्प. एका दुपारी ती म्हणाली, "दुरुस्त करून नकोच. परतच घ्या म्हणते त्यांना. पडून-पडून शिकले तेवढी हौस झाली." आवाज इतका साधा होता की मावशीला त्याचं जास्त लागलं.

"खोळ तेवढी काढून ठेव, आई. ते उघडीच मागतात."

मावशीने पायरीवर बसून चाक दोन गुडघ्यांत धरलं. बाजूच्या झिपा निघाल्या. हँडल मात्र शिवलेलं; ते उसवल्याशिवाय सुटणार नव्हतं. नवरा समोर बसून चहा पीत होता. राहवेना म्हणून त्याने मधेच हात घालून गाडीची कळ दाबली.

"बघ, दिवे तर लागतात."

"लागू देत. मला उसवू द्या."

तिने दोऱ्याचं टोक पातीने तोडलं. टाके सुटत गेले, फोम सैल झाला, आणि शेवटचा टाका निघाला तसं गुडघ्यांत आडवंतिडवं लोंबणारं चाक एकदम ताठ झालं. झोपलेल्या पोराने मांडीवर अचानक मान धरावी तसं. मावशी दचकली. तिने हँडलखाली बोट घातलं, तिथे एक बटण होतं. दाबलं, चाक मेलं. सोडलं, चाक ताठ.

गाडी हातात उचलली की चाक हवेत गरगरू नये म्हणून ते बटण होतं. तिच्या फोमने ते सारखं दाबून धरलं होतं. चाकाला वाटत होतं, आपल्याला कुणीतरी उचललंय.

नवऱ्याने कप खाली ठेवला.

"आता?" तो हळूच म्हणाला.

मावशीला त्याच्या त्या एका शब्दात सगळं ऐकू आलं. आत्ता गप्प राहून खोळ तेवढी काढून ठेवली तर कुणाला कळणार नव्हतं. चाक जाईल. पहाटे दार लागेल ते स्कूटरसाठी. पण तिच्या डोळ्यांसमोर ती शांत झोप आली नाही. समोर आला तो फोम, थोडासाच सैल शिवला गेला असता तर. घरून निघताना बटण दबलेलं नाही, आणि भर रस्त्यात, एखाद्या खड्ड्यात दणका बसल्यावर दबलेलं. पोरगी उभी, आणि पायाखाली चाक मेलेलं. लागू नये म्हणून घातलेला फोमच पोरीला पाडायला निघाला होता.

"धाकटे!" तिने वर हाक मारली. "खाली ये आधी!"

धाकटीने बटण बघितलं, फोम बघितला आणि कपाळावर हात मारला. "आई! तू माझ्या गाडीचा गळा आवळलास गं!" ती हसत सुटली, मग हसता हसता थांबली. "पण तुझ्याकडून कसं राहिलं? तू चालवून बघितल्याशिवाय काही देत नाहीस."

मावशी फोमचा तुकडा बोटांनी कुस्करत राहिली. "चालवून बघायची म्हणजे तू तिच्यावर उभी राहणार. मला ते बघवत नाही."

"म्हणजे तू मला अजून एकदाही…?"

"नाही."

धाकटी पायरीवर आईला खेटून बसली आणि खाली पडलेल्या टाचण्या एक-एक करून वेचायला लागली.

मावशीने हँडलचा भाग नव्याने कापला. वर पातळ गादी, खाली काहीच नाही, बटणाभोवती मोकळी खिडकी आणि बोटाला वाट सापडावी म्हणून खिडकीला तोच लाल गोट. कोपऱ्यांचे दोन थर तिने तसेच ठेवले. नवऱ्याने त्याकडे बघून नाक मुरडलं.

"तेवढं राहू दे," ती म्हणाली. "तेवढं माझं."

उन्हं उतरली होती. धाकटीने चाक रस्त्यावर ठेवलं, पायटे उघडले. मावशी टेबलाला वळसा घालून बाहेर आली. नाना उभे राहायचे तिथे, पायरीच्या कडेला, चौकटीला धरून उभी राहिली. चपलावाल्याने हातोडी खाली ठेवली.

धाकटीने एक पाय ठेवला, दुसरा उचलला. क्षणभर डुगडुगली. मावशीने मान वळवली नाही. मग पोरगी सरळ झाली. पाठ ताठ, हात सैल, कानामागे खोचलेली बट वाऱ्याने सुटलेली. छपाईवाल्याच्या पुढून, पाण्याच्या नळापुढून, टोकाशी वळण घेऊन ती परत आली. पहिल्यांदा चालायला लागली तेव्हा दुकानात याच चेहऱ्याने आली होती, दोन्ही हात पुढे करून आणि पडायची जराही भीती नसलेली. तेव्हा टाचण्यांचा डबा बाजूला टाकून नानांनी तिला झेलली होती. आज तिला झेलायची गरज नव्हती. ती आईसमोर येऊन थांबली आणि स्वतःच उतरली.

मावशीने वाकून खोळ चाचपली. गरम होते का, जाळीवर हात ठेवून बघितलं. कोपऱ्यांची शिवण बघितली. हँडलखालच्या खिडकीतून बोट घालून बटण एकदा दाबलं, एकदा सोडलं. मग उगाचच पुन्हा एकदा सगळं बघितलं.

"अहो बाई, उद्याची ड्यूटी हुकेल माझी," धाकटी म्हणाली.

मावशीने खोळीवर हलकी थाप मारली.

"चालली," ती म्हणाली. आणि जरा वेळाने, "घेऊन जा."