रेमेदिओसच्या पिवळ्या ओळी

दुपारच्या जेवणाला मजुरांची सगळी टोळी पॉप्लरच्या झाडांच्या सावलीत बसली होती. मालक नॉर्मन तेत्रो गाडीतून उतरला तो थेट रेमेदिओससमोर येऊन उभा राहिला. त्याच्या नव्या मळ्यात एका ओळीतले, बिअरला लागणाऱ्या हॉप्सचे वेल वरच्या तारेला टेकायला आले होते आणि शेजारच्या ओळीतले छातीएवढे होऊन पिवळे पडले होते. एक सोडून एक. आणि मरतुकडी ओळ दर वेळी रेमेदिओसची.

"रेमी, हात थकले असतील तर तसं सांग," तो म्हणाला. "पुढच्या वर्षी यंत्राच्या छपरीत पट्ट्यावर पानं निवडायला बस. वेल लावायचं चायो बघेल."

तिचा घास तोंडातच राहिला. वसंतात कोवळे शेंडे निवडून काथ्याच्या दोरीवर सुलट गुंडाळायचे, अमेरिकेतल्या याकिमाच्या खोऱ्यात हीच तिची ओळख. मेक्सिकोतल्या मिचोआकानहून लग्न होऊन आली तेव्हापासून तिने दुसरं काही केलं नव्हतं. नणंद चायोला हे काम शिकवलं तेही तिनेच, आणि वेल लावणारी टोळीही रेमेदिओसच्याच हाताखाली. दोघी जोडीने चालत. पहिली ओळ थोरलीची, दुसरी धाकटीची, मग पुन्हा थोरलीची. एकदा जिला हात लावला ती ओळ कापणीपर्यंत आपली, हा टोळीचा नेम. त्या नेमानेच तिचा घात केला.

"जुन्या मळ्यात वेल तारेवरून लोंबतायत, मालक. ते काय तुम्ही लावलेत?"

"तिथलं तिथं. इथं जे दिसतंय ते दिसतंय."

चायो टॉर्टियात बीन्स भरत होती. तिने मान वर केली नाही.

मालकाने खतासाठी इंग्रिड नावाच्या सल्लागार बाईंना बोलावलं, तेव्हा रेमेदिओस फाटकातच त्यांना आडवी गेली. "बाई, खताचं मागाहून. आधी माझी ओळ खणा. दोष माझा असेल तर मी उद्यापासून छपरीत बसते."

इंग्रिडबाईंनी ठिबकच्या नळ्या पाहिल्या, पाणी दोन्हीकडे सारखं होतं. कीड नव्हती. मग त्यांनी मुठीची लोखंडी सळई चायोच्या ओळीत रेटली, ती मुठीपर्यंत गेली. रेमेदिओसच्या ओळीत वीतभर जाऊन अडली. तिच्या पुढच्या ओळीतही तेच. खड्डा खणला तर फरशीसारखा टणक थर निघाला, आणि मुळं त्याच्यावर आडवी पसरलेली.

"इथं आधी काय होतं?"

"हॉप्सच," नॉर्मन म्हणाला. "मोठं यंत्र आत जावं म्हणून खांब उपटले आणि ओळींमधलं अंतर वाढवलं."

"आणि तेव्हा ट्रॅक्टर कुठून जायचा?"

नॉर्मनने खांबांकडे पाहिलं, मनातल्या मनात अंतर जुळवलं, आणि त्याचा चेहरा उतरला. नव्या ओळींतली एक जुन्या ओळीवर आली होती, तर तिच्या शेजारची बरोबर ट्रॅक्टरच्या वाटेवर. ओल्या मातीवरून औषधाची टाकी ओढून त्याच्या बापाने आणि त्याने वर्षानुवर्षं ती वाट दाबून टणक केली होती. खोल नांगरट न करता त्याने तिच्यावरच वेल लावले होते.

"म्हणजे दोष मातीचा निघाला," तो म्हणाला. "कापणी झाली की खोल फाळ घालू."

बस्स, एवढंच. जणू मातीनेच गुन्हा केला होता, याने नाही.

"मालक, तुम्ही पॉप्लरखाली सगळ्यांदेखत बोललात. आता तिथंच येऊन बोला."

"झालं ना आता, रेमी. तुझं काम तुझ्याकडेच राहील."

"काम कुठं मागतेय मी?"

तो गाडीत बसून निघून गेला. माणसाचा पाणउतारा करायला यांना चारचौघं लागतात आणि चूक कळली की मळ्याचा कोपरा पुरतो.

तेवढ्यात चायो लगबगीने आली. "बघ वहिनी, मला वाटलंच होतं, मातीचंच काहीतरी असणार."

"कधी वाटलं?"

चायो हातमोजे काढू लागली.

"त्या दिवशी जेवताना वाटलं होतं?"

"तो मालक आहे, वहिनी. मी काय बोलणार?"

"त्याचं सोड. तो गाडीतून बघतो. तू माझ्या शेजारच्या ओळीत चालतेस. माझे हात गेले असं तुला वाटलं होतं?"

"नाही," चायो म्हणाली. मग खाली बघत म्हणाली, "पण मला वाटलं, आता टोळी माझ्या हाती देतील."

आता वहिनी आपल्या अंगावर ओरडेल म्हणून चायो वाट बघत उभी राहिली. रेमेदिओस तिला तिथेच सोडून टोळीच्या गाडीत जाऊन बसली.